नव्या पॅरलल चिपवर एलएलव्हीएम न्यायचाय? आधी चिप काय करत नाही ते लिहून काढा

मागच्या आठवड्यात चाळीसगावचा एक पोरगा घरी आला होता. नुकताच नोकरीला लागलेला, हातात चिपचं जाडजूड मॅन्युअल, आणि चेहऱ्यावर बारावीच्या रिझल्टच्या दिवशी असतो तसा भाव. साहेबांनी सांगितलं म्हणे, एलएलव्हीएम या चिपला पोर्ट करून टाक. (एलएलव्हीएम म्हणजे कंपायलर बनवायचं तयार सामान, पोर्ट म्हणजे ते या चिपसाठी कोड काढेल असं करणं.) "भाऊ, सुरुवात कुठून करू?" शेवभाजी आणि भाकरीवर दोन तास बोललो, पण निघताना त्याने जे प्रश्न विचारले त्यावरून कळलं की अर्धं डोक्यावरून गेलं. म्हणून हे सगळं लिहूनच काढतो, मी जळगावला घरी बसून एका छोट्या चिप टीमसाठी हेच काम करतो, त्यामुळे जिथे जिथे तोंडावर पडलो ते पण सांगतो.

एक गोष्ट आधीच. तुमची चिप म्हणजे साधा रिस्क-फाइव्ह (सगळ्यांना खुला असलेला इन्स्ट्रक्शन सेट) कोअर आणि वर चार-दोन स्वतःच्या इन्स्ट्रक्शन असतील तर नवीन बॅकएंड (कंपायलरचा चिपसाठी कोड काढणारा भाग) लिहूच नका, असलेल्या रिस्क-फाइव्ह बॅकएंडमध्ये एक्स्टेंशन म्हणून घाला, महिन्याचं काम आठवड्यात होईल. पुढचं सगळं आहे ते खरोखर वेगळी चिप असेल त्यांच्यासाठी, म्हणजे एका इन्स्ट्रक्शनवर अनेक लेन (एकसारखे हिशोब करणारे युनिट) चालतात, जीपीयूसारखं. उदाहरणासाठी एक खोटी चिप धरू, तिचं नाव "गिरणा". १६ लेन, सगळ्यांना मिळून एकच प्रोग्राम काउंटर, ३२ स्केलर रजिस्टर (सगळ्या लेनना मिळून एकच व्हॅल्यू), व्हेक्टर रजिस्टरच्या (प्रत्येक लेनची वेगळी व्हॅल्यू) ५१२ ओळी ज्या चालू असलेल्या ग्रुपमध्ये (१६ लेनवर एकत्र चालणारं काम म्हणजे एक ग्रुप) वाटल्या जातात, आणि ६४ केबीची लोकल मेमरी.

मॅन्युअल उलटं वाचा

सगळेजण मॅन्युअल उघडतात आणि इन्स्ट्रक्शनच्या तक्त्यावर तुटून पडतात. मी पण तेच केलं होतं. आता मी पहिले दोन दिवस फक्त एक यादी करतो, हे हार्डवेअर काय करत नाही त्याची. कारण साधं आहे, आपल्या लॅपटॉपच्या सीपीयूत ब्रांच प्रेडिक्टर, आउट ऑफ ऑर्डर, मोठमोठे कॅश यांनीच किती जागा खाल्लेली असते, आणि पॅरलल चिपवाला ती जागा काढून घेऊन तिथे गुणाकार-बेरजेचे युनिट ठासतो. काढलेलं काम हवेत जात नाही, ते कंपायलरच्या डोक्यावर येऊन पडतं. इंटेलचा इटॅनियम प्रोसेसर आठवत असेल तर बघा, २००१ ला बाजारात आला, समांतर चालणाऱ्या इन्स्ट्रक्शन शोधून बांधून द्यायचं काम कंपायलरवर सोपवलेलं होतं, आणि कॅश मिस कधी होणार हे कंपायलरला आधी कळणार तरी कसं, तिथेच घोडं अडलं.

गिरणाची यादी अशी निघाली: लोड केलेली व्हॅल्यू आली का नाही हे हार्डवेअर तपासत नाही, थांबायची वेगळी इन्स्ट्रक्शन आहे. लेननिहाय ब्रांच नाही, फक्त मास्क आहे. भागाकार नाही, ६४ बिटचा गुणाकार नाही. लोकल मेमरीत डेटा आपोआप येत नाही, आणावा लागतो. ही चार वाक्यं म्हणजेच तुमचे पुढचे चार-पाच महिने. साहेबाला ही यादी पहिल्याच आठवड्यात दाखवा, म्हणजे "तीन महिन्यांत करून टाक" हे बोलणं तिथल्या तिथे मिटतं.

बिल्डची सोय

हे पटकन सांगतो. एलएलव्हीएमचा पूर्ण डीबग बिल्ड १६ जीबीच्या लॅपटॉपवर लावला तर लिंकिंगच्या वेळेस मशीन मान टाकतं, त्यात भुसावळ-जळगावचा मे महिना, पारा ४५ कडे, आणि लाईट कधी जाईल भरवसा नाही. रिलीज बिल्ड घ्या पण असर्शन, म्हणजे कोडमधल्या आतल्या तपासण्या, चालू ठेवा (असर्शन बंद ठेवून बॅकएंड लिहिणं म्हणजे डोळे मिटून गाडी चालवणं), फक्त तुमचं टार्गेट आणि तुलनेसाठी एक्स८६ एवढंच बिल्ड करा, लिंकर एलएलडी, एका वेळी लिंक जॉब एकच, आणि सीकॅश (आधी कंपाइल केलेलं जपून ठेवणारं) लावा. नवीन टार्गेट एक्सपेरिमेंटल टार्गेटच्या ऑप्शनमध्ये टाकायचं असतं, नेहमीच्या यादीत नाही, यात माझी एक अख्खी दुपार गेली होती.

आधी एक बारीक धागा आरपार

कॉपी कुठून मारायची? लानाई नावाचा बॅकएंड छोटा आहे, वाचायला बरा. स्केलर भागासाठी रिस्क-फाइव्ह बघा. एएमडी जीपीयूचा बॅकएंड वाचा, पुन्हा पुन्हा वाचा, पण त्यातून कॉपी मारायला जाऊ नका, तो एवढा पसरलाय की एक धागा ओढला की सगळं गोधडं अंगावर येतं.

आणि आडवं काम करू नका. म्हणजे आधी सगळे रजिस्टर, मग सगळ्या इन्स्ट्रक्शन, मग सगळं कॉलिंग कन्व्हेन्शन असं नाही. एक फंक्शन घ्या जे फक्त शून्य परत करतं, तेवढ्यासाठी लागेल तेवढंच लिहा आणि सिम्युलेटरवर चालवून दाखवा. त्यासाठी ट्रिपलमध्ये (टार्गेट कुठलं ते सांगणारं नाव) नोंद करणं, डेटा लेआउटची ओळ (एंडियन, पॉइंटर किती बिटचा, अलाइनमेंट), टेबलजेनमध्ये (चिपचं वर्णन लिहायची एलएलव्हीएमची भाषा) रजिस्टर फाइल, दोन-तीन इन्स्ट्रक्शन, रिटर्नचं लोअरिंग (चिपच्या इन्स्ट्रक्शनमध्ये उतरवणं), फ्रेमचा सांगाडा, आणि असेंब्ली छापणारा भाग एवढं लागतंच. हे चाललं की दोन आकड्यांची बेरीज, मग लोड-स्टोअर, मग इफ, मग लूप, मग फंक्शन कॉल. प्रत्येक वेळी सिम्युलेटरपर्यंत जायचंच.

या टप्प्यावर "कॅनॉट सिलेक्ट" हा एरर तुमचा रोजचा सोबती होणार. घाबरायचं काही नाही, त्याचा अर्थ एवढाच की कुठलंतरी ऑपरेशन आहे ज्याला तुम्ही ना इन्स्ट्रक्शन दिली ना सांगितलं की याचं काय करू. प्रत्येक ऑपरेशन आणि टाइपच्या जोडीला तुम्ही ठरवायचं: हे जमतं, हे मोठ्या टाइपमध्ये नेऊन कर, हे तोडून दुसऱ्या ऑपरेशनमधून कर, हे लायब्ररीकडे पाठव, किंवा हे मी स्वतः हाताने करतो. गिरणात भागाकार नाही, म्हणजे तो लायब्ररी कॉल होतो, म्हणजे कंपायलर-आरटी (असली मदतनीस फंक्शनं असलेली एलएलव्हीएमची लायब्ररी) पण तुमच्याच चिपसाठी बिल्ड करावी लागते. ही गोष्ट लोकं शेवटी ठेवतात आणि मग लिंक करताना बोंब होते. जीपीयूसारख्या चिपवर तर फंक्शन कॉलच महाग पडतो, त्यामुळे मी भागाकार सरळ इनलाइन करून टाकला.

कॉन्स्टंटमध्ये पण एक खड्डा आहे. समजा इमिजिएट (इन्स्ट्रक्शनमध्येच लिहिलेला आकडा) १२ बिटचा आणि साइन्ड आहे, म्हणजे -२०४८ ते २०४७. आता ४०९५ रजिस्टरमध्ये टाकायचे. वरचा भाग शून्य, खालचे १२ बिट सगळे १, असं तोडलं तर खालचा भाग -१ वाचला जातो आणि उत्तर येतं -१. बरोबर रीत म्हणजे वरच्या भागात एक वाढवायचा, ४०९६ टाकायचे आणि त्यातून १ वजा करायचा. रिस्क-फाइव्हमध्ये नेमकं असंच चालतं. छोट्या टेस्टमध्ये हे दिसतच नाही कारण छोट्या टेस्टमध्ये कोणी ४०९५ लिहीत नाही.

इन्स्ट्रक्शन निवडायचे एलएलव्हीएममध्ये दोन मार्ग आहेत, सिलेक्शन डॅग घ्यायचं का ग्लोबल आयसेल? ग्लोबल आयसेलमध्ये रजिस्टर बँक ठरवायची वेगळी पायरीच आहे, स्केलर-व्हेक्टर वाटणीला ती मस्त बसते. तरी पहिल्यांदा करत असाल तर सिलेक्शन डॅगच घ्या असं माझं मत, त्यात अडकलात तर बघायला उदाहरणं भरपूर आहेत, आणि नोड डायव्हर्जंट (लेननिहाय वेगळा) आहे का नाही हे तिथेही विचारता येतं.

आता खरी गोष्ट, मास्क

इथपर्यंत जे केलं ते कुठल्याही साध्या प्रोसेसरला लागतंच. आता कापूस वेचणी डोळ्यापुढे आणा. १६ बाया १६ ओळींत उभ्या, मुकादम एक, आणि तो जे ओरडेल ते सगळ्यांनी एकदम करायचं. तो म्हणतो, समोरच्या झाडाला बोंड फुटलं असेल त्यांनी वेचा. नऊ जणी वेचतात, सात उभ्या. मग म्हणतो, फुटलं नसेल त्यांनी तण उपटा. आता सात जणी वाकतात, नऊ उभ्या. म्हणजे इफ आणि एल्स दोन्ही चालतात, एकामागे एक, आणि वेळ दोन्हीचा लागतो. कोणी वेचायचं कोणी थांबायचं हे ठरवणारे १६ बिट म्हणजे मास्क. कल्पना जुनीच आहे, इलियाक ४ या जुन्या सुपरकॉम्प्युटरमध्ये ६४ प्रोसेसिंग एलिमेंट होते आणि त्यांनाही असंच एकेकटं चालू-बंद करता यायचं, ती मशीन १९७२ ला नासाच्या एम्स सेंटरला गेली.

कोडमध्ये ते असं होतं: जुना मास्क एका स्केलर रजिस्टरमध्ये जपून ठेवा, मास्क आणि कंडिशन यांचा अँड घ्या, इफचा भाग चालवा, मग जपलेला मास्क आणि उलटी कंडिशन यांचा अँड, एल्सचा भाग, शेवटी जुना मास्क परत. लूपमध्ये एकेक लेन बाहेर पडत जाते आणि मास्क पूर्ण शून्य होईपर्यंत फिरायचं, म्हणजे ज्या बाईची ओळ सगळ्यात लांब ती संपेपर्यंत बाकीच्या बांधावर बसून. मास्क आधीच शून्य असेल तर तो भाग उडी मारून सोडता येतो, पण दोन-तीन इन्स्ट्रक्शनचा ब्लॉक असेल तर उडीच महाग पडते, लांब ब्लॉकलाच ती लावा. मात्र ब्लॉकमध्ये मास्क न पाळणारी काही गोष्ट असेल, स्केलर स्टोअर वगैरे, तर उडी लागतेच, तिथे कंजुषी नाही.

हे सगळं प्रत्येक इफला करायचं नाही हे महत्त्वाचं. कंडिशन सगळ्या लेनला सारखीच असेल तर साधा ब्रांच पुरतो. हे कोण ठरवतं, तर युनिफॉर्मिटी ॲनालिसिस, ते एलएलव्हीएममध्ये तयार आहे, तुम्ही फक्त सांगायचं की वेगळेपणा कुठे जन्मतो: लेन नंबर डायव्हर्जंट, कर्नलचे (चिपवर चालणाऱ्या फंक्शनचे) आर्ग्युमेंट युनिफॉर्म (सगळ्या लेनला सारखे), ॲटॉमिकचं उत्तर डायव्हर्जंट. इथे दोन जागी हमखास फसायला होतं. एक, इफमध्ये ५ आणि एल्समध्ये ७, दोन्ही कॉन्स्टंट, दोन्ही युनिफॉर्म, पण कंडिशन डायव्हर्जंट असेल तर जोडावर जी व्हॅल्यू तयार होते ती डायव्हर्जंट. दोन, लूपचा काउंटर आत सगळ्यांना सारखा दिसतो, पण लेन वेगवेगळ्या फेरीला बाहेर पडल्या तर बाहेर आल्यावर प्रत्येकीचा काउंटर वेगळा. ॲनालिसिसला हे माहीत असतं, पण तुम्ही नंतर स्वतःचा एखादा हुशार पास (कोडवरून फिरून तो बदलणारी पायरी) लिहिता आणि त्याला माहीत नसतं.

आता माझा बग. माझे चार दिवस खाल्ले याने. सगळ्या व्हॅल्यू पॉझिटिव्ह असलेली टेस्ट पास, सगळ्या निगेटिव्ह पास, मिसळल्या की एल्सच्या लेनमध्ये कचरा. आजी येऊन विचारायची, "काय करी ऱ्हायना रे दिनभर?" आणि मला तरी कुठे माहीत होतं. शेवटी रजिस्टर ॲलोकेशन (कुठली व्हॅल्यू कुठल्या रजिस्टरमध्ये ते ठरवणं) झाल्यावरचा कोड कागदावर लिहून ओळीने वाचला तेव्हा सापडलं. एल्सच्या भागाला एक बेस ॲड्रेस लागत होता, तो स्केलर रजिस्टरमध्ये. रजिस्टर ॲलोकेटरने फ्लो ग्राफ (कोड कुठून कुठे जाऊ शकतो त्याचा नकाशा) बघितला, त्याला दिसलं की इफच्या वाटेवर हा ॲड्रेस कोणी वाचत नाही, म्हणून त्याने इफच्या भागात तेच रजिस्टर दुसऱ्या कामाला वापरलं. सीपीयूवर हे शंभर टक्के बरोबर, तिथे एकाच वाटेने जातो. इथे दोन्ही वाटा चालतात! मुकादमाच्या हातात पाटी एकच, वेचणाऱ्यांसाठी त्याने ती पुसली आणि तण काढणाऱ्यांचा हिशोब गेला. व्हेक्टर रजिस्टर मात्र वाचले होते, कारण मास्कमुळे बंद लेनमध्ये काही लिहिलंच जात नाही, आणि म्हणूनच बग एवढा लपला.

उपाय म्हणजे रजिस्टर ॲलोकेशनच्या आधीच फ्लो ग्राफ खऱ्या चालीसारखा करायचा, इफच्या भागातून एल्सकडे जाणारी वाट ग्राफमध्ये दाखवायची. एलएलव्हीएममध्ये स्ट्रक्चराइज-सीएफजी नावाचा पास आहे, तो मध्ये "फ्लो" ब्लॉक घालून हेच करतो. मग ॲलोकेटरला दिसतं की ॲड्रेस अजून जिवंत आहे.

स्पिलचं, म्हणजे रजिस्टर कमी पडल्यावर व्हॅल्यू स्टॅकवर टाकण्याचं, पण बघा. मास्क अर्धा बंद असताना व्हेक्टर रजिस्टर स्टॅकवर टाकलं तर चालू लेनच जपल्या जातात, आणि पुढे पूर्ण मास्कवर ते परत वाचलं की बंद होत्या त्या लेनमध्ये स्टॅकवरचा जुना कचरा शिरतो. स्पिलच्या वेळेस मास्क पूर्ण उघडायचा, काम झालं की परत लावायचा. यासाठी एक स्केलर रजिस्टर राखून ठेवा, नाहीतर मास्क जपायला रजिस्टर नाही आणि रजिस्टर मोकळं करायला मास्क उघडायचाय, असा गोल गोल फेरा सुरू होतो.

बॅरियरची (सगळे येईपर्यंत थांबवणारी) इन्स्ट्रक्शन "कन्व्हर्जंट" म्हणून खूण करायला विसरू नका. ऑप्टिमायझरला बॅरियर म्हणजे साधा कॉल वाटतो, तो त्याला उचलून एखाद्या इफच्या आत सरकवू शकतो, मग अर्धे ग्रुप वाट बघत बसतात आणि बाकीचे कधी येतच नाहीत. प्रोग्राम चुकीचं उत्तर पण देत नाही, नुसता अडकतो.

मेमरी आणि थांबणं

ॲड्रेस स्पेसचे (पॉइंटर कुठल्या प्रकारच्या मेमरीचा ते सांगणारे) नंबर पहिल्याच दिवशी ठरवा, नंतर बदलायला गेलात तर क्लँगपासून (एलएलव्हीएमचा सी कंपायलर) लायब्ररीपर्यंत सगळं उसवावं लागतं. एनव्हिडिया आणि एएमडी दोघांच्या बॅकएंडमध्ये १ म्हणजे ग्लोबल, ३ म्हणजे एकत्र काम करणाऱ्या थ्रेडची सामायिक मेमरी, ४ कॉन्स्टंट, ५ प्रत्येक थ्रेडची खाजगी, आणि ० म्हणजे कुठलीही. मी तेच घेतले, उगाच शहाणपणा केला नाही. ० वाला पॉइंटर महाग असतो कारण तो नेमका कुठला हे चालताना बघावं लागतं, म्हणून ॲड्रेस स्पेस ओळखणारा तयार पास पाइपलाइनमध्ये लावा, तो बरेच पॉइंटर सोडवून देतो.

लोडनंतर थांबण्यासाठी शेवटच्या टप्प्यावर स्वतःचा पास लिहावा लागतो. गिरणात एक काउंटर आहे, लोड सुटला की वाढतो, डेटा आला की कमी होतो, आणि "काउंटर इतका होईपर्यंत थांब" अशी इन्स्ट्रक्शन. लोड क्रमाने परत येत असतील तर तीन सुटलेले असताना पहिल्याचाच डेटा हवा असेल तर काउंटर २ होईपर्यंत थांबलं की झालं. पहिल्या व्हर्जनमध्ये मात्र हुशारी नको, प्रत्येक लोडनंतर शून्य होईपर्यंत थांबा. हळू चालेल, बरोबर चालेल, आणि पुढे हुशार पास लिहिल्यावर तुलना करायला हाच आळशी पास कामाला येतो, फ्लॅगमागे कायम ठेवा. लूपमध्ये मागच्या फेरीचा राहिलेला लोड लक्षात घ्या, तिथे ब्लॉकच्या सुरुवातीची स्थिती सगळ्या येणाऱ्या वाटांतली सगळ्यात वाईट धरायची आणि बदल होणं थांबेपर्यंत फिरवायचं.

शेड्युलिंग, म्हणजे रजिस्टरची काटकसर

लोड लवकर सोडा म्हणजे डेटा यायच्या वेळात दुसरं काम होतं, हे सगळ्यांना पाठ असतं. पण लोड लवकर सोडला की रजिस्टर जास्त वेळ अडकतं, आणि गिरणात रजिस्टर म्हणजे ग्रुपची संख्या. ५१२ ओळी आहेत, कर्नलला ६४ लागले तर ८ ग्रुप बसतात, ६५ लागले की ७. त्या एका रजिस्टरपायी अख्खा ग्रुप बाहेर, आणि एक ग्रुप मेमरीसाठी थांबला असताना दुसरा चालवायचा हीच तर या चिपची खुबी. म्हणून शेड्युलरला सरसकट "प्रेशर (एका वेळी अडकलेली रजिस्टर) कमी कर" सांगून भागत नाही, उंबरठे सांगावे लागतात: ५६, ६४, ७३, ८५. ५८ चे ६३ झाले तर काही बिघडत नाही, ६४ चे ६५ झाले तर जीव तोडून परत आणायचं. आधी प्रेशर सांभाळत लावायचं आणि मग जागा उरली तर लेटन्सीसाठी (उत्तर यायला लागणारा वेळ) पुन्हा लावायचं, असे दोन फेरे मला बरे पडले.

मॅन्युअलमधल्या लेटन्सीवर विश्वास ठेवू नका, सिम्युलेटर किंवा बोर्डवर स्वतः मोजा. एकमेकांवर अवलंबून असलेल्या शंभर बेरजा लावा, सायकल मोजा, भागा.

टेस्ट

प्रत्येक पासनंतर मशीन कोड तपासणारा व्हेरिफायर फ्लॅग कायम चालू ठेवा, हळू होतं पण अर्धे बग तिथेच मरतात. छोट्या टेस्ट फाइलचेकने, म्हणजे या इनपुटला ही असेंब्ली आलीच पाहिजे. पण असेंब्ली बरोबर दिसणं आणि उत्तर बरोबर येणं वेगळं, त्यामुळे तोच प्रोग्राम एक्स८६ वर आणि गिरणावर चालवून उत्तरं जुळवा. ॲरेचे साइज मुद्दाम वाकडे घ्या: ०, १, १५, १६, १७, ३१, ३३. माझ्या निम्म्या चुका १७ वर पकडल्या गेल्या. डेटा पण मिसळलेला, सगळा पॉझिटिव्ह नको, का ते वर सांगितलंच.

रँडम प्रोग्राम बनवायला सीस्मिथ आहे, युटा विद्यापीठातून आलेलं, पण ते साधं सी बनवतं, डायव्हर्जंट इफ त्यातून येत नाहीत, म्हणून मी त्याच्या बाहेर लेन नंबरवर अवलंबून असलेला एक इफ गुंडाळणारी छोटी स्क्रिप्ट लिहिली. मोठा प्रोग्राम फेल झाला की एलएलव्हीएम-रिड्यूसला द्या, ते कापून कापून दहा-पंधरा ओळींवर आणतं. हे सगळं मी रात्री अकरानंतर लावतो, तोपर्यंत घर जरा थंड झालेलं असतं आणि लाईट पण सहसा टिकते. चाळीसगावच्या पोराला तेवढी स्क्रिप्ट पाठवलीय, काल रात्री त्याचा मेसेज आला, १७ वर फेल.